सोळा पिसांचे ओझे

शटलकॉकला मराठीत ज्या कुणी पहिल्यांदा ‘फूल’ म्हटले असेल, त्याने आमच्या घराची मोठी फसवणूक केली आहे. मी व्यवसायाने मराठीचा प्राध्यापक. शब्दांवर विश्वास ठेवणे हा माझ्या पोटापाण्याचाच भाग. ज्या खेळात मारायची वस्तूच मुळी फूल, तो खेळ असून असून किती कठोर असणार, असा माझा साधा हिशेब होता. खेळ म्हणावा तर कबड्डीला. त्यात गुडघे फुटतात, दम कोंडतो, घरी आल्यावर आईकडून हळद लावून घ्यावी लागते. बॅडमिंटन म्हणजे डिसेंबरातल्या संध्याकाळी सोसायटीच्या आवारात दोन खांबांना दोरी बांधून, पायांत चपला घालून, मधूनच ‘अहो, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या?’ असे विचारीत खेळायची गोष्ट. दमून कुणी खाली बसल्याचे मी तिथे कधी पाहिले नव्हते. फूल जांभळाच्या झाडात अडकले की खेळ संपे, एवढेच.

हा भ्रम फिटला ती तारीख मला पक्की आठवते. 27 ऑगस्ट 2017, रविवार. घरी गणपती बसून तिसरा दिवस होता. आरती आटोपून आम्ही सगळे दूरदर्शन संचासमोर बसलो होतो. ग्लासगोला जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतला महिला एकेरीचा अंतिम सामना चालू होता. एका बाजूला आपली पी. व्ही. सिंधू, दुसऱ्या बाजूला जपानची नोझोमी ओकुहारा. सिंधू चांगली पाच फूट दहा-अकरा इंच उंच. ओकुहारा जेमतेम पाच फूट एक-दोन इंच. माझी आई वाती वळीत बसली होती. तिने एकदाच मान वर करून निकाल दिला, “अगंबाई, ही पोरगी तर हिच्या खांद्यालासुद्धा लागत नाही. हिचं काय चालायचंय!”

पहिला गेम त्या पोरीने 21-19 असा घेतला.

दुसऱ्या गेममध्ये सिंधू 21-20 अशी पुढे असताना एक रॅली सुरू झाली. फूल इकडून तिकडे, तिकडून इकडे. आता संपली म्हणावे तो ओकुहारा जमिनीपासून वीतभर उंचीवरून ते उचलून मागे पाठवी. आता सिंधू पोचत नाही म्हणावे तो तिचा लांब हात कुठून तरी येई. आमची आठ वर्षांची कन्या मोठ्याने मोजायला लागली आणि चाळिसानंतर चुकली. आईच्या हातातली वात अर्धवट वळलेली राहिली. मिनिटभराहून अधिक काळ घरात कुणी बोलले नाही. अखेर ती रॅली सिंधूने जिंकली, त्याबरोबर गेम जिंकला, आणि दोघी श्वासासाठी धडपडताना दिसल्या. फूल तेवढ्यात 73 वेळा मारले गेले होते. सामना संपला तेव्हा एक तास पन्नास मिनिटे झाली होती. तिसरा गेम ओकुहाराने 22-20 असा घेतला. तिन्ही गेम मिळून 124 गुण खेळले गेले. त्यांतले 63 एकीचे, 61 दुसरीचे. गुणांची बेरीज जवळजवळ बरोबरीत, आणि विजेतेपद एकीलाच. हिशेबाच्या कुठल्याही पुस्तकात न बसणारी ही गोष्ट.

“बाबा, मला हे खेळायचंय,” कन्या म्हणाली.

तिला रडायला आले होते, हे मी तेव्हा लहानपणाच्या खाती टाकले. आम्ही लगेच होकार दिला, आणि त्याची कारणे आज सांगताना संकोच वाटतो. खेळ छपराखालचा, म्हणजे ऊन लागणार नाही. मध्ये जाळी, म्हणजे धक्काबुक्की नाही. चेंडू लागून दात पडण्याचे भय नाही. घराजवळच हॉल आहे. म्हणजे जे डोळ्यांनी नुकतेच पाहिले होते ते सोडून, सोसायटीच्या आवारातलेच बॅडमिंटन अजून माझ्या मनात होते. मनुष्य पाहिलेल्यापेक्षा ठरवलेल्यावर अधिक भरवसा ठेवतो. निदान प्राध्यापक तरी ठेवतो.

हॉलमध्ये पहिले तीन महिने तिला फुलाला फारसा हातच लावू दिला नाही. सर नुसते बोट दाखवीत आणि मुले रिकाम्या कोर्टावर पळत: पुढचा उजवा कोपरा, परत मध्यात, मागचा डावा, परत मध्यात. हातात रॅकेट, समोर कुणी नाही, मारायला काही नाही. याला ‘शॅडो’ म्हणतात. लांबून पाहणाऱ्याला वाटावे की मुलांना झपाटले आहे. “फी कशाची भरतोय आपण?” सौ.ने विचारले. मी म्हटले, “पायांची.” विनोद म्हणून म्हटले होते; ते अक्षरशः खरे निघाले.

पुढे एका रविवारी सरांनी पालकांनाही कोर्टावर उतरवले. माझ्यासमोर अकरा वर्षांची, दोन वेण्या घातलेली एक मुलगी दिली. एकेरीत आपल्या वाट्याला येणारे कोर्ट बावीस फूट लांब आणि सतरा फूट रुंद असते. आमचा दिवाणखाना आणि स्वयंपाकघर एकत्र केले तर साधारण एवढेच भरेल. एवढ्या जागेत माणूस दमणार तरी कसा, असे मला वाटले. त्या मुलीने मला पहिल्या फुलाला मागच्या कोपऱ्यात पाठवले, दुसऱ्याला जाळीपाशी बोलावले, तिसऱ्याला पुन्हा मागे. ती स्वतः मध्यावर उभी राहून, शाळेत बाई फळ्याकडे बोलावतात तसे मला बोलावीत होती. सात गुण झाले आणि मी जाळीचा खांब धरला. सरांनी मनगट धरून घड्याळाकडे पाहिले आणि “बसा सर, पाणी प्या,” म्हणाले. आकडा त्यांनी नंतर सांगितला: 168. मी तोवर एकही गुण घेतलेला नव्हता.

त्या दिवसापासून मी या खेळाकडे थोडे अभ्यासू नजरेने पाहू लागलो. क्रीडाशास्त्रज्ञांनी सामन्यांची मोजमापे केली आहेत. एकेरीतली रॅली बहुतेक वेळा दहा सेकंदांच्या आतच संपते, आणि पुढली सुरू होईपर्यंत साधारण तिच्या दुप्पट वेळ मिळतो. ऐकायला हे आरामाचे वाटते. पण वरच्या दर्जाच्या सामन्यात हृदयाचे ठोके त्या माणसाच्या कमाल मर्यादेच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास जाऊन राहतात आणि त्या पंधरा-वीस सेकंदांत फारसे उतरतच नाहीत. जिना चढून धापा टाकीत वर यावे, दाराशी पोचताच कुणीतरी ‘छत्री खाली राहिली’ म्हणून परत पाठवावे, आणि हे तासभर चालावे, तसला हा प्रकार.

हे असे का होते, याचे उत्तर त्या फुलातच आहे. त्याचे वजन 4.74 ते 5.50 ग्रॅम, आपल्या पाच रुपयांच्या नाण्याहूनही कमी. एका बुचात बदकाची किंवा हंसाची सोळा पिसे गोलाकार खोचलेली. ही पिसे एकाच बाजूच्या पंखातली घेतात, म्हणजे ती सगळी एकाच अंगाला कललेली असतात आणि फूल स्वतःभोवती गिरक्या घेत जाते. इथवर कौतुकच. पण ही पिसे हवेला अशी अडतात की कितीही जोराने मारा, फूल वाटेतच मंदावते. आपल्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीने 2023 साली जपानमध्ये, सामन्यात नव्हे तर खास चाचणीत, जो फटका मारला त्याचा वेग ताशी 565 किलोमीटर भरला. प्रवासी विमान धावपट्टी सोडते तेव्हा त्याचा वेग याच्या जवळपास निम्मा असतो. पण हा वेग रॅकेट सोडतानाचा. जाळीपलीकडच्या माणसापर्यंत येईतो तो निम्म्याहूनही खाली आलेला असतो.

म्हणजे काय होते पहा. मारणाऱ्याला वाटते, संपले. पीस म्हणते, थांब. समोरच्याला तेवढ्यात पोचता येते, आणि पोचता येते म्हणून पोचावे लागते. टेनिसचा चेंडू टप्पा घेतो. त्या टप्प्यात खेळणाऱ्याला अर्धा श्वास मिळतो. फुलाला टप्पा नाही. ते जमिनीला टेकले की गुण गेला. तेव्हा जे काही करायचे ते अधांतरीच. इतर खेळांत चेंडू पळतो. इथे फूल थांबते आणि माणूस पळतो. वजनात पाच ग्रॅम असलेल्या या वस्तूने आपली सगळी मेहनत माणसावर ढकलून दिली आहे.

त्यातून पळणे हे एक वेळ सोपे. अवघड आहे ते थांबणे. जाळीपाशी पडणारे फूल उचलायला खेळाडू एक लांब ढांग टाकतो. साऱ्या अंगाचे वजन पुढच्या पायावर येते, टाच आदळते, गुडघा ते सगळे झेलतो, आणि त्याच पायाने स्वतःला पुन्हा मागे ढकलायचे असते. हे एका सामन्यात शेकडो वेळा. आमच्या कन्येचे बूट मी एकदा उलटे करून पाहिले. डावा बरा होता. उजव्याच्या अंगठ्याखालचा रबर पार झिजून गुळगुळीत झालेला. चांभाराच्या दुकानात असा बूट नेला तर तो विचारील, पाय फरफटत चालता का? पोरीला तीन महिन्यांत नवे बूट लागतात हे कळल्यावर माझ्या आईने उदारपणे सुचवले की एकाच पायाचे मिळतात का बघावे.

खर्चाचे पुराण इथे लावीत नाही. सोळातले एक पीस मोडले की फूल भरकटते, ते टाकून द्यावे लागते, आणि बारा फुलांची एक नळी दोन चांगल्या खेळाडूंना दोन-तीन दिवस पुरली तर नशीब, एवढेच नोंदवतो. आमच्या घरी मोडक्या फुलांची तोरणे झाली आहेत.

माझे वडील आता नाहीत. ते असते तर हे सगळे त्यांना पटले नसते. त्यांनी तरुणपणी नंदू नाटेकरांना खेळताना पाहिले होते, आणि त्यांच्या तोंडी एकच वाक्य असे: “नाटेकर खेळायचे तेव्हा सदरा भिजायचा नाही.” नाटेकर मूळचे सांगलीचे. 1956 साली क्वालालंपूरची सेलांगोर स्पर्धा त्यांनी जिंकली. परदेशातली स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय. राष्ट्रीय एकेरीचे विजेतेपद सहा वेळा, आणि 1961 साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्याच मानकऱ्यांत त्यांचे नाव. 2021 साली ते पुण्यात वारले. त्यांच्या मनगटाची नजाकत ज्यांनी पाहिली ते सगळे वडिलांसारखेच बोलतात. फक्त आता मला एक शंका येते. वडील गॅलरीत मागच्या रांगेत बसत असणार. तिथून सदरा दिसतो, घाम दिसत नाही. नजाकत ही दमल्यानंतरही टिकवायची असते, आणि ती टिकली की पाहणाऱ्याला दम दिसत नाही; मग तो घरी येऊन पोराला सांगतो की सदरा भिजत नसे.

पुणेकरांना तर हा खेळ नाजूक समजण्याचा अधिकारच नाही. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या साहेबांनी याचे नियम पहिल्यांदा मांडले ते पुण्याच्या लष्करात, आणि काही काळ या खेळाचे नावच ‘पूना’ होते. मग साहेब तो विलायतेला घेऊन गेले, ब्यूफोर्टच्या ड्यूकच्या बॅडमिंटन हाउस नामक वाड्याचे नाव त्याला चिकटले, आणि आमचे नाव गेले. असो. क्रिकेटमहर्षी प्रा. दि. ब. देवधर स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवीत हे पुष्कळांना ठाऊक असते. त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तीन मुलींनी 1940च्या दशकात बॅडमिंटनची राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, हे फारसे कुणाला आठवत नाही. प्राध्यापकाच्या घरातल्या मुली कोर्टावर उतरल्या याचा दाखला मी घरी वारंवार देतो. सौ. म्हणते, “ते देवधर होते. तुम्हांला जिना चढवत नाही.”

वडिलांच्या काळात आणि पुढेही कितीतरी वर्षे, सर्व्हिस ज्याची त्यालाच गुण मिळे. पुरुषांचा गेम पंधराचा, बायकांचा बहुधा अकराचा. 1980 साली प्रकाश पडुकोणने ऑल इंग्लंड जिंकली ती याच पद्धतीत. 2006 साली नियम बदलला: गेम 21 चा, आणि प्रत्येक रॅलीला गुण. सामने आटोपशीर व्हावेत असा उद्देश होता. पण आता एकही रॅली हलक्या हाताने सोडता येत नाही. पूर्वी सर्व्हिस समोरच्याची असताना रॅली जिंकली तर फक्त सर्व्हिस परत मिळे, आणि हरली तर एकच गुण जाई, म्हणून श्वास घेण्याच्या काही जागा असत. आता त्या राहिल्या नाहीत. अकरा गुणांवर साठ सेकंदांची विश्रांती, दोन गेमच्या मध्ये दोन मिनिटे. मधेच घाम पुसायचा तर पंचांची परवानगी लागते. आणि सामना आटोपशीर होईल हा भरवसा कसला? 2016 साली आशियाई स्पर्धेत जपान आणि इंडोनेशियाच्या जोड्यांचा महिला दुहेरीचा एक सामना 161 मिनिटे चालला. अडीच तासांहून जास्त. त्या वेळात आमच्याकडे विद्यापीठाचा आख्खा पेपर लिहून व्हायचा असतो, आणि मुले तेवढ्यानेही दमतात.

इथवर जे लिहिले ते एका हौशी बापाचे कुतूहल होते. गेल्या वर्षी, 2024च्या जुलैत, ते कुतूहल राहिले नाही.

कन्या पंधरा वर्षांची, दहावीत. बाहेरगावी स्पर्धा होती. उपांत्य फेरीचा तिसरा गेम. समोरच्या मुलीने फूल उंच, हिच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात टाकले. उजव्या हाताच्या खेळाडूला तो कोपरा सगळ्यांत गैरसोयीचा. मागे मागे जाऊन, अंग वळवून, उडी मारून डोक्यावरून फटका मारायचा आणि खाली यायचे ते एकट्या डाव्या पायावर. हजार वेळा आली असेल. त्या वेळी गुडघा आत वळला. समोर कुणी नव्हते, कुणी ढकलले नाही, जमीन ओली नव्हती. ती खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी गुडघा धरला. ती ओरडली नाही. फटका मात्र आत पडला होता, आणि गुण तिला मिळाला होता.

डॉक्टरांनी सांगितले, गुडघ्याच्या आतला मुख्य अस्थिबंध तुटला आहे. धावताना थांबायचे, वळायचे, उडीवरून उतरायचे, तेव्हा गुडघ्याला जागेवर धरून ठेवणारा हाच. घरात चालायला, कॉलेजात जायला, जिना चढायला शस्त्रक्रिया न करताही जमू शकेल. परत असला खेळ खेळायचा असेल तर मात्र मांडीच्या मागची शीर काढून तिथे बसवावी लागेल, आणि पुढे निदान नऊ महिने. “आणि एक स्पष्ट सांगतो,” ते म्हणाले, “या वयात परत कोर्टावर उतरणाऱ्या मुलांत तो पुन्हा तुटण्याचं प्रमाण मोठ्या माणसांपेक्षा जास्त असतं. दुसऱ्या पायाचासुद्धा.”

घरी आल्यावर आम्ही दोघांनी एका वाक्यात निर्णय घेतला: पुरे झाले. माझ्या आईनेही मान डोलावली. दहावीचे वर्ष, मुलीची जात, पुढे आख्खे आयुष्य. बोलायला सगळे मुद्दे होते. कन्या काहीच बोलली नाही. पाय उशीवर ठेवून ती भिंतीकडे पाहत होती.

4 ऑगस्टला पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये महिला एकेरीची उपांत्य लढत होती. स्पेनची कॅरोलिना मरीन आणि चीनची ही बिंगजियाव. मरीन म्हणजे 2016 साली रिओला सिंधूला हरवून सुवर्णपदक घेतलेली. 2019 च्या जानेवारीत तिच्या उजव्या गुडघ्याचा हाच अस्थिबंध तुटला होता. सप्टेंबरात परत येऊन तिने चीनची स्पर्धा जिंकली. 2021 साली डावा गेला आणि टोकियो हुकले. आता पॅरिसला तिने पहिला गेम घेतला होता, दुसऱ्यात ती पुढे होती. आणि मागच्या कोर्टातून फटका मारून ती खाली आली, ती तशीच कोसळली. उजवा गुडघा. तिने पट्टा बांधून पुन्हा उभे राहायचा प्रयत्न केला, दोन गुण खेळली, आणि मग कोर्टावर गुडघे टेकून ढसढसा रडली.

मी घाईने संच बंद करायला उठलो. “राहू दे, बाबा,” कन्या म्हणाली. तिने ते सगळे शेवटपर्यंत पाहिले. दुसऱ्या दिवशी पदकसमारंभात रौप्यपदक घेताना त्या चिनी मुलीने स्पेनच्या संघाचा बिल्ला हातात धरला होता, तेही पाहिले. मग ती आमच्याकडे वळून म्हणाली, “मला ऑपरेशन करायचंय.”

मला वाटले होते की ते दृश्य पाहून ती आपणहून सोडील. सौ.लाही तसेच वाटले होते. तिने मरीनचा तिसरा गुडघा पाहिला नाही. त्याआधी दोनदा ती परत आली होती, तेवढेच पाहिले. यावर कसला वाद घालणार? मी घातला. मी तिला विचारले, “तुटलेल्या गोष्टीसाठी पुन्हा मांडीतली शीर काढायची, आणि तीही पुन्हा तुटली तर?” ती म्हणाली, “बाबा, तुम्ही मला खेळायला पाठवलंत तेव्हा तुम्हांला हा सोपा खेळ वाटत होता ना? मला तेव्हाही नव्हता वाटत. मी ती रॅली मोजत होते.”

सरांना मी भेटायला गेलो, खरे तर भांडायलाच. त्यांनी चहा दिला आणि एवढेच सांगितले की 1994 साली पुण्यातल्याच राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत दुहेरी खेळताना पुल्लेला गोपीचंदचा गुडघा असाच गेला होता, आणि 2001 साली तो ऑल इंग्लंड जिंकला. ग्लासगोला सिंधूच्या पाठीमागच्या खुर्चीत बसला होता तो हाच. “पण सर,” मी म्हटले, “असे किती?” ते काही बोलले नाहीत. प्रामाणिक मनुष्य.

सप्टेंबरात शस्त्रक्रिया झाली. दहावीचा अभ्यास पलंगावर झाला. त्याबद्दल मात्र गुडघ्याचे आभार मानायला हवेत, गुण चांगले पडले. पहिल्या आठवड्यात पाय नुसता सरळ करायला ती ओठ चावी. मग कुबड्या, मग सायकल, मग एका पायावर उभे राहून दात घासणे. मांडी एवढी बारीक झाली होती की सौ. रोज रात्री शिंप्याची फीत घेऊन दोन्ही मांड्या मोजी आणि दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी आकडे लिही. सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी पळायला परवानगी दिली. उडीला नाही. ती हॉलमध्ये जाऊन पुन्हा रिकाम्या कोर्टावर शॅडो करू लागली, आठ वर्षांच्या मुलांबरोबर. मागचा डावा कोपरा आला की पावले आपोआप आखूड होत. फूल तिथे गेले तर ती उडी न मारता उलट्या हाताने परत करी. सर पाहत, बोलत नसत.

यंदा पावसाळ्यात दहा महिने पुरे झाले आणि डॉक्टरांनी उडीच्या सगळ्या चाचण्या घेऊन कागदावर सही केली. महिन्याभराने पहिली स्पर्धा. आम्ही दोघे गॅलरीत बसलो, मी वडिलांसारखा मागच्या रांगेत नव्हे, अगदी पुढे. पहिला गेम हिने घेतला, दुसरा गेला. तिसऱ्यात 18-17 असताना समोरच्या मुलीने, जशी काही सगळे ठाऊक असल्यासारखे, फूल उंच मागच्या डाव्या कोपऱ्यात टाकले. कन्या मागे सरकली. उलट्या हाताने मारील असे मला वाटले. तिने अंग वळवले आणि उडी मारली.

फटका कसा गेला ते मी पाहिले नाही. मी बूट पाहत होतो. डावा बूट जमिनीवर टेकल्याचा करकरीत आवाज आला, गुडघा वाकला, आणि दुसऱ्या क्षणी ती तिथे नव्हतीच. ती जाळीपाशी पोचलेली होती, पुढचे फूल उचलायला.

“अहो, हात सोडा माझा,” सौ. म्हणाली. तिच्या मनगटावर माझ्या चार बोटांचे वळ उठले होते.

तो गेम ती 19-21 असा हरली. हात मिळवून, बॅग खांद्याला लावून ती आमच्याकडे आली तेव्हा सदरा पाठीला चिकटलेला होता आणि केसांतून पाणी निथळत होते. गुडघ्याविषयी विचारायचे नाही, असे आम्ही घरून ठरवून आलो होतो.

“आई, केळं आणलंयस का?” तिने विचारले, आणि पायरीवर बसून बुटाचे बंद सोडू लागली.